गिलाव्याच्या दिवशी काटा खाली आला

श्टुटगार्टच्या पश्चिम भागात पहिल्या महायुद्धाच्या आधीची घरं अजून रांगेनं उभी आहेत. जाड विटांच्या भिंती, उंच छत आणि लाकडी तुळयांवर बसवलेली जमीन. हीटिंगच्या कामासाठी मी अशा घरांतून बराच फिरलो आहे, पण या एका घरातला गिलाव्याचा दिवस मुद्दाम लिहून ठेवावासा वाटतो.

घर एका वयस्क बाईंचं. गॅसचा बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरची ऊब विजेच्या मदतीनं घरात आणणारं यंत्र, बसवायचा होता. खोल्या तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरना कडाक्याच्या थंडीत ६५-७० अंशांचं पाणी लागायचं. हीट पंपाचं गणित उलटं आहे. पाणी जितकं कोमट ठेवाल तितकी वीज कमी लागते. ३५ अंशांच्या पाण्यावर खोली गरम ठेवायची तर गरम होणारा पृष्ठभाग मोठा हवा, म्हणून जमिनीत आणि भिंतीत गरम पाण्याच्या नळ्या घालायचं ठरलं.

नुसत्या जमिनीवर भागलं नसतं. नेहमीच्या पद्धतीत नळ्यांवर सिमेंटचा साडेसहा सेंटिमीटर कोबा पडतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १३० किलो वजन. तुळयांवर एवढा भार टाकायला स्ट्रक्चरल इंजिनिअरनं साफ नकार दिला. मग कोरडी पद्धत घेतली : खाचा पाडलेली पॅनेल, त्यांवर अॅल्युमिनियमचे पत्रे, पत्र्यांत नळी आणि वरून जिप्सम फायबरचे बोर्ड. वजन कमी, उंचीही कमी, पण उष्णताही थोडी कमीच. बैठकीच्या खोलीला साधारण १२०० वॉट लागणार होते. पुस्तकांची कपाटं सोडून उरलेली १४ चौरस मीटर जमीन चौरस मीटरला ४५ वॉटनं ६३० देत होती. बाकीचं बाहेरच्या भिंतीनं द्यायचं. त्या भिंतीला आतून सहा सेंटिमीटर जाडीचे लाकडी तंतूंचे बोर्ड, त्यांवर पट्ट्यांत अडकवलेल्या नळ्या आणि वरून मातीचा गिलावा. जुन्या विटांच्या भिंतीसाठी मला ही रचना मनापासून आवडते. लाकूड आणि माती दोन्ही ओल शोषतात आणि सोडतात, आणि नळ्यांची ऊब भिंत कोरडी ठेवते.

नळ्यांत पाण्याचा दाब ठेवूनच गिलावा करायचा, हा आमचा नियम. आदल्या सकाळी मी ६ बार दाब भरला होता. प्लास्टिकची नळी दाबाखाली जरा ताणते, त्यामुळे दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा सुरुवातीला उतरतोच. पुन्हा भरला, थांबलो, दुपारपर्यंत तो सहावर स्थिर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी माती कालवून तयार होते, आणि गेजवर काटा ४.८ वर.

साइट सुपरवायझर म्हणाला, "रात्री थंडी होती, त्यानं उतरला असेल. सुरू करा." थंडीनं दाब थोडा पडतो हे खरं, पण इतका नाही. शिवाय ताण आदल्या दिवशीच निघून गेला होता. मी पुन्हा सहावर नेला. ताणानं काटा उतरत असेल तर त्याचा वेग कमी कमी होत जातो. हा एकाच चालीनं उतरत होता. मी गवंड्यांना थांबायला सांगितलं. कालवलेल्या मातीला सिमेंटसारखी घाई नसते, तेवढी एक सोय होती.

सगळ्या नळ्या जिथून फुटतात आणि जिथे परत येतात त्या मॅनिफोल्डवर एकेक सर्किट, म्हणजे नळीचा एकेक फेरा, बंद करत गेलो. बैठकीच्या भिंतीचं एक सर्किट वेगळं केलं आणि बाकीच्यांचा काटा जागीच थांबला. पण भिंतीवर थेंब कुठेच दिसेना. लाकडी तंतूंचा बोर्ड पाणी पिऊन घेतो, हीच इथली अडचण. मग त्या सर्किटमधलं पाणी काढून कमी दाबाची हवा भरली आणि नळीवर साबणाचं पाणी मारत गेलो. खिडकीशेजारी, स्विचच्या डब्याजवळ बुडबुडे आले. आमची चाचणी झाल्यावर, आदल्या दिवशी दुपारी, तिथे वायर बसवली गेली होती. क्लिपचा खिळा नळीच्या कडेला चाटून गेला होता. केसाएवढी चीर. गिलावा झाला असता तर ती भिंत महिनोन्महिने आतल्या आत ओली होत राहिली असती.

आमचा मास्टर, म्हणजे आमच्या कामाचा मुख्य कारागीर, म्हणाला, तेवढा तुकडा काप, यंत्रानं दाबून बसवायचा प्रेसचा जोड टाक, नकाशावर त्याची जागा नोंदव. तसं चालतं, नियमातही बसतं. पण भिंत अजून उघडी होती आणि सर्किट छोटं होतं. उघड्या भिंतीत जोड ठेवून वरून माती लिंपणं मला पटेना. मॅनिफोल्डपासून मॅनिफोल्डपर्यंत अखंड नवी नळी घालतो म्हटलं. तो थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला आणि नळीचं नवं बंडल उघडायला आला. वायरच्या क्लिपा सरकवून घेतल्या, पुन्हा दाब भरला. दुपार त्यातच गेली. काटा हलत नाही हे गवंड्यांच्या मुकादमानं स्वतः पाहिलं आणि मगच पहिली थापी भिंतीला लागली. काम संपेपर्यंत त्यातला एक जण येता-जाता गेज वाचून मोठ्यानं आकडा सांगत होता.

गिलावा सुकल्यावर हीटिंग सुरू झालं तेव्हा बाईंनी भिंतीला तळहात लावला आणि काळजीनं म्हणाल्या, "ही तर गरमच नाही." भिंत होती २८ अंशांच्या आसपास आणि तळहात त्याहून गरम, मग हाताला ती कोमटही वाटणार नाही. मी त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. एरवी हिवाळ्यात तिथे बसलं की खांद्याला गारवा झोंबायचा, हे त्यांनीच सांगितलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी शाल काढून ठेवली आणि विचारलं, घड्याळ या भिंतीवर लावता येईल का?

मी त्यांना फाइल दिली. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून काढलेले फोटो त्यात आहेत. आणि फोटो हाताशी नसतील तर भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारून हीटिंग चालू करायचं, नळ्यांवरच्या रेषा आधी सुकतात, खिळा त्या रेषांपासून लांब मारायचा. घड्याळ आम्ही तसंच लावून दिलं.