कर्झनची रेषा, वळीवडे आणि माझं काचेचं टेबल

पाटबंधारे खात्यात मी अनुरेखक म्हणून लागलो आणि आरेखक म्हणून निवृत्त झालो. मधल्या सगळ्या वर्षांत काम तेच. खालून ट्यूबलाइट लावलेलं काचेचं टेबल, त्यावर मूळ नकाशा, वर ट्रेसिंग पेपर, हातात रॉट्रिंगचं पेन. धरणाच्या बुडीत क्षेत्राची हद्द आम्ही समोच्च रेषेवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेवरून, उचलायचो. कधीतरी गावातली माणसं ऑफिसात यायची आणि नकाशाच्या अमोनिया प्रिंटवर बोट ठेवून विचारायची, "साहेब, आमचं घर आत का भाईर?" मी काही साहेब नव्हतो, पण उत्तर माझ्याच टेबलावर असायचं.

इतिहास वाचायला घेतला तो निवृत्तीनंतर, आणि हीच सवय घेऊन. नुसता मजकूर वाचला की मला तहांची नावं तोंडपाठ होतात आणि समजत काहीच नाही. दोन वेगवेगळ्या सालांचे नकाशे एकावर एक ठेवले की दोन सीमांच्या मधे एक पट्टा उरतो. मी त्या पट्ट्यापासून सुरुवात करतो. तिथे कोण राहत होतं, त्यांचं पुढे काय झालं, हे विचारत गेलं की पुस्तकं आपोआप उघडतात.

जुने अ‍ॅटलास रद्दीत मिळतात. पहिली पानं बहुतेक फाटलेली असतात, त्यामुळे साल आपणच काढायचं. रशियात पेट्रोग्राड छापलंय का लेनिनग्राड? पेट्रोग्राड असेल तर 1914 ते 1924 मधला नकाशा. नॉर्वेची राजधानी ख्रिस्तियानिया असेल तर 1925 च्या आधीचा. इजिप्त आणि सीरिया एका रंगात दिसले तर 1958 ते 1961. पश्चिम आफ्रिकेवर एकच मोठा फ्रेंच डाग असेल तर 1960 अजून उजाडलेलं नाही, कारण त्या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. नातीला हा खेळ फार आवडतो. आता ती माझ्याआधी साल सांगते.

पण ज्या पट्ट्याने मला सगळ्यात जास्त दिवस धरून ठेवलं तो पोलंडचा. त्याला कारण आमचं कोल्हापूर.

कोल्हापूरकराला वळीवडे म्हणजे मिरजेच्या वाटेवरचं छोटं स्टेशन, आणि शेजारचं गांधीनगर म्हणजे लग्नाचा बस्ता. 1943 ते 1948 या काळात तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. शाळा, चर्च, नाटकं, स्काउट असं सगळं होतं. शहरात महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. जुन्या माणसांकडून मी लहानपणापासून ऐकत आलो ते एवढंच, की लढाई झाली, पोलंडवर हिटलर आला, म्हणून ही माणसं इथे आली. मग माझा प्रश्न असा होता की 1945 च्या मे महिन्यात हिटलर संपला, तर पुढे तीन वर्षं ही माणसं वळीवड्यात काय करत होती? आणि बरीचशी नंतर पोलंडला न जाता इंग्लंडला का गेली?

पुस्तकात याचं उत्तर मिळालं असतंच. मला ते टेबलावर मिळालं.

एक नकाशा 1930 नंतरचा, एक 1950 नंतरचा. दोन्हींची मापं वेगळी, प्रक्षेपणंही वेगळी, त्यामुळे झेरॉक्सवाल्याकडून लहानमोठे करून घेतले. असे नकाशे जुळवताना सीमा कधी जुळवू नयेत, नद्या जुळवाव्यात. माणसांनी ओढलेल्या रेषा हलतात, नद्यांचे संगम शंभर वर्षांत तरी हलत नाहीत. मी तीन खुणा धरल्या. विस्तुला समुद्राला मिळते ते मुख, ब्रेस्टजवळ बुग नदीला मुखावेत्स मिळते तो संगम, आणि ओडर नदीचं मुख. हे तीन जमले की बाकी कागद आपोआप बसतो.

बसला आणि पोलंड देश जागेवरच नव्हता. पूर्वेकडून कापलेला, पश्चिमेकडे वाढवलेला. पूर्वेचा गेलेला पट्टा सुमारे 1 लाख 80 हजार चौरस किलोमीटर, पश्चिमेला आलेला सुमारे 1 लाख. आधी 3 लाख 89 हजारांचा देश होता, तो साधारण 3 लाख 12 हजारांचा झाला. म्हणजे आजचा पोलंड आपल्या महाराष्ट्राएवढाच, पाचेक हजार चौरस किलोमीटर इकडे तिकडे.

वळीवड्याची बहुतेक माणसं होती या गेलेल्या पूर्व पट्ट्यातली. त्यांना घराबाहेर काढलं ते हिटलरने नव्हे. 23 ऑगस्ट 1939 ला जर्मनी आणि सोव्हिएत रशियाचा करार झाला, त्याच्या गुप्त कलमात पोलंड वाटून घेतलेला होता. 17 सप्टेंबरला लाल सेना पूर्वेकडून आत आली. फेब्रुवारी 1940 पासून सैनिकांची, वनरक्षकांची, शिक्षकांची कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत भरून अर्खांगेल्स्क, सायबेरिया, कझाकस्तानकडे रवाना झाली. जून 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिश माणसांची गरज पडली. जुलैत समझोता झाला आणि त्यांची सुटका झाली. 1942 मध्ये एक लाखाहून जास्त पोलिश सैनिक आणि नागरिक रशियातून बाहेर पडले, बरेचसे क्रास्नोव्होद्स्कहून बोटीने कॅस्पियन ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात. तिथून तेहरान, इस्फहान, पुढे कराची, आणि काही हजार माणसं आमच्या पंचगंगेच्या खोऱ्यात. हा सगळा प्रवास मी लाल शाईने ट्रेसिंगवर ओढलाय. कागद पुरला नाही, दोन तुकडे चिकटवावे लागले.

आता मजा बघा. मजा म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. ही माणसं 1942 मध्ये तेहरानमधून गेली. 28 नोव्हेंबर 1943 ला त्याच तेहरानमध्ये चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन बसले. चर्चिलने आगपेटीतल्या तीन काड्या टेबलावर सरकवून दाखवल्या, पोलंड असा पश्चिमेकडे सरकवता येईल म्हणून. वळीवड्यात तोवर छावणी वसली होती. मुलं पोलिश शाळेत पोलंडचा भूगोल शिकत होती, आणि ज्या पोलंडचा शिकत होती तो तिकडे काड्यांनी सरकवून झाला होता. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला याच तिघांच्या परिषदेत पूर्वेची सीमा ठरली, कर्झन रेषा, थोडाफार फरक करून. 5 जुलैला ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळीवड्यातल्या बाईचं घर होतं तिथेच राहिलं, पण आता ते सोव्हिएत युनियनमध्ये होतं. ज्यांनी तिला मालगाडीत कोंबलं त्यांच्याच राज्यात. परत जायचं तरी कुठे? माझ्या ऑफिसात येणाऱ्या माणसांना निदान विचारायला एक टेबल तरी होतं.

कर्झन म्हणजे आपलाच तो. 1905 मध्ये बंगालची फाळणी केलेला व्हाइसरॉय. 1911 मध्ये ती रद्द झाली. 1920 मध्ये हेच महाशय ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. पोलंड आणि बोल्शेविक रशिया यांचं युद्ध चाललेलं असताना त्यांच्या सहीच्या तारेतून युद्धविरामाची एक रेषा मॉस्कोला कळवली गेली. रेषा त्यांनी स्वतः काढलेली नव्हती, मित्रराष्ट्रांच्या समितीत ती आदल्या वर्षीच तयार झालेली होती, पण नाव चिकटलं ते यांचं. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. पोलंड लढाई जिंकला आणि 1921 च्या रीगाच्या तहाने सीमा तिच्यापासून दोनेकशे किलोमीटर पूर्वेला गेली. चोवीस वर्षांनी ती फायलीतून काढून खरी करण्यात आली. मी सरकारी खात्यात राहिलेला माणूस आहे, जुन्या फायलीची ताकद मला कुणी सांगायला नको.

गॅलिशियात, म्हणजे दक्षिणेच्या टोकाला, ही रेषा दोन प्रकारे काढलेली आढळते. एकात ल्वूफ (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह) शहर पोलंडमध्ये, दुसऱ्यात बाहेर. स्टालिनने दुसरी धरली. 1931 च्या जनगणनेत या शहरात निम्मे रोमन कॅथलिक, म्हणजे बहुतेक पोलिश, आणि जवळजवळ एक तृतीयांश ज्यू होते. भोवतालची खेडी मात्र युक्रेनियन. अशा ठिकाणी शहर बघायचं का खेडी? बेळगावचा वाद ज्याने घरात ऐकलाय त्याला हा प्रश्न पोलिश वाटणारच नाही. आपण तर खेडं हा घटक धरा म्हणून 865 गावांचा दावा कधीपासून मांडतो आहोत.

भाषावार रंगवलेल्या नकाशांवर माझा विश्वास कमीच. त्याच जनगणनेत पोलेसीच्या दलदलीच्या भागात मातृभाषा विचारली तर सात लाखांहून जास्त लोकांच्या नावापुढे 'इथलीच' अशी नोंद झाली. पोलिशही नाही, बेलारूसी नाही, युक्रेनियनही नाही. अशा माणसाला कुठला रंग द्यायचा? नंतरच्या नकाशांत प्रत्येकाने आपल्या सोयीचा दिला. हद्दीच्या नकाशात निदान सही कुणाची ते कळतं, या रंगांखाली कुणाची सही नसते.

पश्चिमेकडची गोष्ट आणखी एका कारणाने माझ्यासारख्याला खिळवते. नवी सीमा ओडर आणि नाइसे या नद्यांवरून ठरली. पण ओडरला डावीकडून मिळणाऱ्या नाइसे दोन आहेत, एक पूर्वेची, एक पश्चिमेची. दोन्हींच्या मधे लोअर सायलेशियाचा भलामोठा मुलूख. पाश्चात्त्य देशांच्या मनात पूर्वेची होती, स्टालिनचा आग्रह पश्चिमेचीचा, आणि 1945 च्या पोट्सडॅम परिषदेत पश्चिमेची मान्य झाली. पूर्वेची धरली असती तर ब्रेस्लाऊ शहराचा मोठा भाग जर्मनीत राहिला असता. आमच्या खात्यात एखाद्या ओढ्याचं नाव दोन ठिकाणी आलं तर पुढे कंसात गावाचं नाव लिहिल्याशिवाय नकाशावर सही होत नसे.

ब्रेस्लाऊचं व्रोत्सवाफ झालं. जर्मन गेले आणि त्यांच्या घरांत पूर्व पट्ट्यातून काढलेले पोलिश आले, त्यात ल्वूफचे बरेच. ल्वूफचं ओसोलिनेउम हे ग्रंथालय, त्याच्या संग्रहाचा काही भाग आणि रात्स्लावित्सेच्या लढाईचं प्रचंड गोल चित्रसुद्धा त्यांच्या पाठोपाठ आलं. चित्र चाळीस वर्षं गुंडाळून पडलेलं होतं. रशियनांचा पराभव दाखवणारं चित्र लावायला कम्युनिस्ट सरकारला अवघड वाटणारच. 1985 मध्ये ते पुन्हा लोकांना दिसलं.

हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत एकावर एक ठेवता येतं, नात करून दाखवते. चांगलंच आहे. पण रेषा स्वतः उचलताना पेन जिथे अडतं तिथे आपण थांबतो, आणि का अडलं म्हणून वाचायला जातो. दोन नाइसे मला अशाच सापडल्या.

छावणी 1948 मध्ये रिकामी झाली आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले. तेच आजचं गांधीनगर. एका जागेवर दोन फाळण्यांची माणसं, म्हणून मी उत्साहाने दुसरं ट्रेसिंग घेतलं, भारत-पाकिस्तान फाळणीच्या रॅडक्लिफ रेषेचं. तर सिंधमध्ये ती रेषाच नाही. रॅडक्लिफने पंजाब आणि बंगाल कापले, सिंध प्रांत अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. 1936 पूर्वीच्या अ‍ॅटलासात तर कराची आणि पुणे एकाच मुंबई इलाख्याच्या रंगात दिसतात. म्हणजे दोन कागद ठेवून मधला पट्टा शोधायची माझी रीत इथे चालतच नाही. माणसं निघाली, पण त्यांच्या घरावरून कुणी रेष ओढलेली नव्हती.

इथे वाटाच काढाव्या लागणार. कराची ते मुंबई बोटींचा मार्ग, मीरपूर खासहून खोखरापार-मुनाबाववरून मारवाडकडे येणारी रेल्वे, मग कल्याणच्या छावण्या, आणि तिथून इकडे. बस्त्याच्या निमित्ताने ओळख झालेल्या गांधीनगरच्या एका दुकानदारांना मी सध्याचा कच्चा नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "काका, बोट तुम्ही मुंबईला लावलीय. आमचे वडील ओख्याला उतरले होते." ओखा बंदर त्या कागदात बसत नाही. आता मोठा तुकडा घ्यावा लागेल.