गाडीनं घोडा केला

रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या पॅकिंग हाऊसवर मी माल भरण्याचं काम बघतो. त्याआधी सतरा वर्षं फौजेत होतो, आर्मी सर्व्हिस कोअरच्या एअर डिस्पॅचला. विमानातून टाकायचा माल बांधणारे ते आम्ही. गावात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे पायलट का?" नाही बुवा. दोर आवळणारे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी शेडचे पत्रे तडतडत होते. एका पिकअपचा माल तीन ठिकाणी उतरवायचा होता. जड खोकी आधी उतरणार म्हणून पोरांनी ती सगळी मागच्या फाळक्याशी रचली आणि केबिनकडे रिकामे क्रेट टाकले. मी वजनकाट्यावर होतो, माझं लक्ष नव्हतं. चूक माझीच. शेडबाहेरच्या चढावर ड्रायव्हरनं क्लच सोडला आणि पुढची चाकं हातभर वर उठली. फाळका उघडला, दहा-बारा खोकी खाली. मागं कडी लावायला वाकलेल्या पोराला मुकादमानं कॉलर धरून ओढलं, म्हणून वाचला.

"फौजी काका, गाडीनं तं घोडा केला!" एक जण हसला. मला हसू आलं नाही.

सियाचिनवर माल टाकताना एएन-३२ या मालवाहू विमानाचा मागचा रॅम्प उघडला की आधी थंडी आत घुसते, मग हिरवा दिवा लागतो. मालाच्या छत्रीचा, म्हणजे पॅराशूटचा, दोर वरच्या तारेला अडकवलेला असतो. माल मागं घरंगळत निघाला की वजन शेपटाकडे सरकतं, नाक वर उठतं आणि पायलट ते दाबून धरतो. माल सुटला की विमान एकदम हलकं होतं. हे सगळं काही सेकंदांत. त्यात एक गाठ जरी सुटली आणि ओझं मध्येच अडकलं तर नाक कुणी दाबायचं? त्या दुपारी पिकअपनं तेच दाखवलं, फक्त जमिनीवर.

पोरांना खोकी उतरवायला लावली आणि ती उतरेस्तोवर बोलत बसलो. हे काम आपल्याकडे ब्रह्मदेशच्या लढाईत वाढलं. १९४४ साली जंगलात वेढलेल्या पलटणींना डाकोटा विमानांनी वरून शिधा टाकला. तांदूळ पुष्कळदा छत्रीविनाच. एका पोत्यात दुसरं पोतं. आतलं फाटलं तरी बाहेरचं धरून ठेवी. रेशमी छत्र्या मिळेनात म्हणून तिथल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती जनरल स्लिमनं कलकत्त्यात तागाच्या बनवून घेतल्या. ताग म्हणजे ज्यूट, म्हणून 'पॅराज्यूट' म्हणत त्यांना. रेशमीपेक्षा जरा कमी भरवशाच्या, पण कितीतरी स्वस्त.

पुढं २७ ऑक्टोबर १९४७ला डाकोटांनी श्रीनगरला जवान उतरवले. २४ मे १९४८ला हवाई दलाच्या मेहरसिंगांनी लष्कराच्या जनरल थिमय्यांना शेजारी बसवून डाकोटा लेहला नेलं. साडेदहा हजार फुटांच्याही वर वाळूची नुसती पट्टी होती. पण मला भारी वाटतं ते १९६२चं. लडाखमधल्या चुशूलला एएन-१२ विमानांतून रणगाडे नेले, चौदा हजार फुटांच्याही वर. एएमएक्स-१३ हलका रणगाडा म्हणायचा, तरी चौदा-साडेचौदा टन. विरळ हवेत तेवढं उचलायचं तर विमानातलं इंधन कमी करावं लागलं. एका बाजूला वजन घालायचं तर दुसरीकडून काढायचं. आपण मात्र पिकअपमध्ये दीडपट कोंबतो आणि वर नारळ फोडतो!

मग खडूनं मागच्या चाकाच्या वर, फळीवर रेघ मारली. जड खोकी रेघेच्या पुढं, केबिनकडे, हलकी मागं. उतरवताना दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत. गाडी चढ गुमान चढली.

ती धूळ उडवत गेल्यावर मुकादम तंबाखू मळत म्हणाला, "काय काका, तागाच्या छत्रीनं आपली केळी उतरली असती का?"

म्हटलं, "हिरवी असती तर उतरली असती."