आरोपपत्राआधीचे दिवस: यूएपीए, रासुका आणि तारखांचा हिशेब

२०२५ च्या नोव्हेंबरात गोवा सरकारने जिल्हाधिकाऱ्यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे रासुकाखाली, स्थानबद्धतेचे आदेश काढण्याचे अधिकार दिले. त्या वेळी चर्चा गुंडगिरीची होती, पण कायदा संशयित दहशतवाद्यालाही तोच लागतो. ‘आता जामीन नाही’ असा अर्थ पुष्कळांनी काढला. तो अर्धाच खरा. रासुकात जामीन नसतोच, कारण तिथे खटलाच नसतो. जामीन जवळजवळ अशक्य करून ठेवणारा कायदा वेगळा: बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायदा, यूएपीए.

म्हणून माणूस आत गेला की घरच्यांनी पहिली चौकशी करायची ती ही, की तो कोणत्या कागदावर आत गेला. एफआयआरवर अटक असेल तर एक वाट, स्थानबद्धतेच्या आदेशावर उचलला असेल तर दुसरी. कधी दोन्ही एकदम. आणि दोन्ही वाटांवर सुरुवातीच्या महिन्यांत न्यायालय ‘याने केले का?’ या प्रश्नात फारसे शिरतच नाही. ते पाहते तारखा, सह्या, पोच आणि कोणता कागद कोणाला कधी मिळाला ते. वकील शोधायला धावायच्या आधी एक वही घ्या आणि पहिल्या दिवसापासून तारीख आणि वेळ लिहायला लागा. वकिलाला पुढे सगळ्यात उपयोगी पडते ती हीच वही.

आधी यूएपीए. अटकेनंतर २४ तासांत न्यायालयासमोर हजर करणे इथेही बंधनकारक आहे. अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात मे २०२४ मध्ये यूएपीएपुरते स्पष्ट केले. ‘तपासात अडथळा येऊ नये म्हणून’ अशा, कोणालाही लागू पडतील अशा छापील ओळी म्हणजे कारणे नव्हेत. याच माणसाविरुद्ध काय आहे, ते त्यात हवे. नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर राजेश शाह निकालाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की ही कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि जागच्या जागी लेखी देणे शक्य झाले नाही तरी रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, न्यायालयासमोर उभे करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हातात पडली पाहिजेत. कागद हातात पडला ती वेळ वहीत लिहायची, ती यासाठी.

पुढचा हिशेब ९० दिवसांचा. यूएपीएत पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत मिळू शकते आणि आरोपपत्रासाठी ९० दिवस असतात. मोजायला सुरुवात अटकेच्या दिवसापासून होत नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून होते, आणि तो दिवस धरून होते. कपिल वाधवान प्रकरणात २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. पहिला रिमांड २ जूनला झाला तर नव्वदावा दिवस ३० ऑगस्ट. त्या दिवसअखेर आरोपपत्र आले नाही आणि मुदतवाढही झाली नाही, तर ३१ ऑगस्टला डिफॉल्ट जामिनाचा हक्क उभा राहतो. चवथीची सुट्टी मध्ये आली म्हणून पोलिसांची मुदत लांबत नाही, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले आहे.

हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. मागावा लागतो. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी अर्ज दाखल करून त्यावर दाखल केल्याची वेळ घालून घ्या. अर्ज दुपारी गेला आणि आरोपपत्र सकाळी आले, तर हक्क गेला. उलट अर्ज आधी पडला असेल तर नंतर घाईघाईने टाकलेल्या आरोपपत्राने तो मारता येत नाही (एम. रवींद्रन, २०२०). अर्ज तयार नसेल तर तोंडी मागणीही चालते, असे राकेश कुमार पॉल प्रकरणात २०१७ मध्ये ठरले. तरी त्यावर विसंबू नका, न्यायालयाच्या रोजनाम्यात नोंद झाली नाही तर सिद्ध करणे कठीण. जामीनदार आणि त्याची कागदपत्रे आधीच तयार ठेवा. जामीन मंजूर होऊन बंधपत्रच भरले गेले नाही, आणि तेवढ्यात आरोपपत्र आले, असेही घडते.

मुदतवाढ हा या वाटेवरचा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. सरकारी वकिलाच्या अहवालावरून न्यायालय ९० चे १८० दिवस करू शकते (वरच्या उदाहरणात २८ नोव्हेंबर). त्या अहवालात दोन गोष्टी हव्यात: तपासात आतापर्यंत काय प्रगती झाली, आणि याच माणसाला ९० दिवसांपलीकडे आत ठेवण्याची नेमकी कारणे कोणती. ‘फॉरेन्सिक अहवाल यायचा आहे’ यातून तपास अपुरा असल्याचे कळते, माणूस आत का हवा ते कळत नाही. सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा अर्ज पुढे ढकलणारे टपाल कार्यालय नव्हे, हे हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात १९९४ मध्येच सांगून झाले आहे. तो टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखालचा निकाल, पण तत्त्व यूएपीएलाही लागते. मुदतवाढ विशेष न्यायालयच देऊ शकते, आणि ते नसेल तिथे सत्र न्यायालय. साध्या दंडाधिकाऱ्याने दिलेली वाढ बिक्रमजीत सिंग प्रकरणात २०२० मध्ये टिकली नाही. त्या वेळी आरोपी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर हजर हवा आणि कशासाठी हजर केले आहे ते त्याला सांगितलेले हवे (जिगर, २०२२). व्यवहारात गोव्यातल्या कोलवाळ कारागृहातून व्हिडिओ जोडला जातो, आरोपीला वाटते नेहमीचीच तारीख, आणि पाच मिनिटांत आणखी ९० दिवस वाढतात. ऐंशीव्या दिवसापासून प्रत्येक तारखेला वकील कोर्टात उभा असलाच पाहिजे.

एकदा आरोपपत्र आले की समोर उरते ती यूएपीएच्या कलम ४३ ड(५) ची भिंत. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन नाही. त्या भिंतीला सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात एक फट ठेवली: खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील आणि कोठडी फार लांबली असेल, तर घटनेचे कलम २१, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क, वरचढ ठरते. विशेष न्यायालयाने जामीन नाकारला तर अपील ३० दिवसांत उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांसमोर जाते.

मडगावचा स्फोट आठवा. १६ ऑक्टोबर २००९, नरकासुराची रात्र. तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला, २०१३ च्या अखेरीस विशेष न्यायालयाने सहा जणांना निर्दोष ठरवले आणि २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते कायम केले. घटनेपासून शेवटच्या शब्दापर्यंत जवळजवळ अकरा वर्षे.

आता रासुका. इथे आरोप नसतो, भाकीत असते: हा माणूस बाहेर राहिला तर राज्याच्या सुरक्षेला किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक असे काहीतरी करील. जास्तीत जास्त १२ महिने. २४ तासांत न्यायालयासमोर नेण्याचा आणि वकिलाचा जो हक्क घटनेच्या कलम २२ च्या पहिल्या दोन खंडांत आहे, तो तिसऱ्या खंडाने स्थानबद्धांना नाकारला आहे. बदल्यात मिळतात दोनच गोष्टी, आदेशाची कारणे आणि त्यावर निवेदन करण्याची संधी. सगळी लढाई या दोन गोष्टींभोवती चालते.

कायद्याने आखलेले वेळापत्रक असे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला राज्य सरकारची मंजुरी १२ दिवसांत मिळाली नाही तर तो संपतो. कारणे सहसा ५ दिवसांत द्यायची, त्याहून उशीर करायचा तर अपवादात्मक परिस्थिती हवी आणि कारण लेखी नोंदलेले हवे. राज्याने मंजुरीनंतर ७ दिवसांत केंद्राला कळवायचे. स्थानबद्धतेपासून ३ आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे (स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का ते पाहणारे तिघांचे मंडळ), आणि ७ आठवड्यांत मंडळाचा अहवाल. यातला एक दिवस चुकला तरी आदेश ढासळू शकतो. म्हणून मंजुरीची तारीख, केंद्राला पाठवल्याची तारीख, मंडळाकडे गेल्याची तारीख याचिकेत एकेक करून विचारायची. प्रतिज्ञापत्रात यातली एखादी तारीख गाळलेली दिसली, तर तिथेच बोट ठेवा.

कारणांबरोबर, ज्या कागदांवर ती उभी आहेत ते सगळे कागद द्यावे लागतात. नुसता ओझरता उल्लेख असलेले कागद द्यायचे बंधन नाही. वाद नेहमी या सीमेवर होतो. आणि भाषा. गोव्यात आदेश इंग्रजीत टाईप होतो, पंचनामा कधी मराठीत, जबाब कोकणीत दिलेला पण इंग्रजीत उतरवलेला, आणि ज्याला पकडले तो कन्नड किंवा हिंदीच वाचणारा, किंवा वाचता न येणारा. कारागृहात कोणी तरी तोंडी समजावून सांगितले, हे पुरेसे नाही. लल्लूभाई जोगीभाई पटेल प्रकरणात कारणे गुजरातीतून तोंडी समजावली होती, आदेश तरी रद्द झाला. त्यामुळे कारणांच्या प्रतीवर सही करताना आपल्याला कोणती भाषा वाचता येते ते स्वतःच्या हाताने, तारखेसह लिहावे. पेन ड्राईव्हवर व्हिडिओ दिला आणि कारागृहात तो पाहायची सोयच नसेल, तर अधीक्षकांकडे त्याच दिवशी लेखी मागणी करावी.

निवेदन एकच लिहा, पण प्रती चार पाठवा: आदेश काढणारा अधिकारी, राज्याचे गृहखाते, केंद्रीय गृहमंत्रालय आणि सल्लागार मंडळ. कारागृह अधीक्षकांमार्फत पाठवले तरी घरच्यांनी एक संच स्वतः पर्वरीच्या सचिवालयात नेऊन आवक शिक्का घ्यावा. निवेदनावर निर्णयाला विनाकारण उशीर झाला तर तेवढ्यावर सुटका होते. राजम्माळ प्रकरणात १९९९ मध्ये मंत्री दौऱ्यावर होते म्हणून गेलेले पाच दिवस न्यायालयाने माफ केले नाहीत. मंडळ काय म्हणते ते पाहू, म्हणून सरकारने निवेदन बाजूला ठेवणेही चालत नाही.

सल्लागार मंडळाकडून फार आशा बाळगू नये, असे आमचे मत. तिघे सदस्य उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेले, राहिलेले किंवा होण्यास पात्र. अध्यक्ष मात्र आजी किंवा माजी न्यायाधीशच. सुनावणी बंद दाराआड, वकील नाही. सरकारने वकील किंवा कायदा सल्लागार उभा केला तर स्थानबद्धालाही तो द्यावा लागतो, आणि वकील नसलेला मित्र मदतीला नेता येतो, हे ए. के. रॉय निकालातले. हे मागावे लागते, आणि मागायचे असते हे कोणी सांगत नाही. मंडळाने ‘पुरेसे कारण नाही’ म्हटले तर सरकारला सोडावेच लागते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंडळाचे मत न घेता स्थानबद्ध ठेवण्याची तीन महिन्यांची मुदत दोनवर आणली आणि मंडळाची रचनाही कडक केली. संसदेने मंजूर केलेले ते कलम अंमलात आणणारी अधिसूचना मात्र आजपर्यंत निघालेली नाही. कोणत्याही पक्षाच्या सरकारला ती काढावीशी वाटली नाही, यावर वेगळे भाष्य नको.

उरते उच्च न्यायालय. पर्वरीला खंडपीठासमोर हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा ताब्यातून सोडवण्यासाठीची, याचिका. न्यायालय पुरावा तोलत नाही, पण अधिकाऱ्याने खरोखर विचार केला का, ते पाहते. इथे गोवेकरांना ओळखीचे नाव भेटते. १८ जून १९४६ ला मडगावात सभा घेणारे राममनोहर लोहिया १९६५ मध्ये बिहारमध्ये भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध झाले. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ होती, जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशात ‘कायदा आणि सुव्यवस्था’. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि न्या. हिदायतुल्ला यांनी तीन वर्तुळे आखली: सर्वात मोठे कायदा-सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वात आत राज्याच्या सुरक्षेचे. बाजारातली मारामारी पहिल्या वर्तुळात राहते. तिच्यासाठी साधा फौजदारी कायदा आहे. ती शहराचे सामान्य जीवन विस्कटून टाकील, तेव्हाच दुसऱ्यात शिरते. आजही बहुतेक आदेश याच रेषेवर अडखळतात.

आधीच कोठडीत असलेल्यावर आदेश काढायचा तर आणखी तीन गोष्टी दिसाव्या लागतात: तो कोठडीत आहे हे अधिकाऱ्याला माहीत होते, तो जामिनावर सुटण्याची खरी शक्यता होती, आणि सुटल्यावर तो तेच करील असे मानायला आधार होता. रेखा प्रकरणात २०११ मध्ये जामीन अर्जच प्रलंबित नव्हता, म्हणून आदेश पडला. घाईने टाकलेला कच्चा जामीन अर्ज कधीकधी सरकारच्याच हातात दुसरा मुद्दा देतो, तो असा. अर्ज टाकायचा की थांबायचे, हे दोन्ही प्रकरणे पाहणाऱ्या एकाच वकिलाने ठरवावे. गुन्ह्यासाठी म्हापशाचा वकील आणि स्थानबद्धतेसाठी पणजीचा, आणि दोघांचे बोलणे नाही, या व्यवस्थेत नुकसान ठरलेले.

जुन्या घटनाही तपासा. शेवटच्या घटनेपासून आदेशापर्यंत, आणि आदेशापासून ताब्यात घेण्यापर्यंत महिने गेले असतील आणि त्याचा खुलासा नसेल, तर धोका खरा होता असे म्हणणे सरकारला जड जाते.

आदेश रद्द झाला तरी त्याच दिवशी दोन चौकशा करा. दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात हजर करण्याचे वॉरंट कोलवाळला येऊन पडले आहे का, आणि नवा आदेश तयार होत आहे का. सरकारने स्वतः मागे घेतलेल्या किंवा मुदत संपलेल्या आदेशानंतर नवा काढता येतो, पण नवीन तथ्ये नसतील तर एकूण मुदत पहिल्या स्थानबद्धतेपासून १२ महिन्यांपलीकडे जात नाही. न्यायालयाने रद्द केलेल्या आदेशातली जुनी कारणे नव्या आदेशात पुन्हा वापरता येत नाहीत. दोन्ही आदेशांतली कारणे शेजारी शेजारी ठेवून एकेक परिच्छेद जुळवून पाहा. नक्कल केलेली असेल तर ती तारखांसकट दिसते.