डॅनिश अपडेट: ‘थोडंसं येतं’ हे लोकांना सांगायचं कसं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी टाकतेय. सध्या डॅन्स्कउडॅनेल्स ३ च्या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये आहे. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी, डेन्मार्कमध्ये बाहेरून आलेल्यांना डॅनिश शिकवायचे तीन ट्रॅक असतात, जास्त शिकलेल्यांना तिसऱ्यात टाकतात, तिथे पाच मॉड्यूल झाली की ‘प्रूव्ह इ डॅन्स्क ३’ ही परीक्षा असते आणि पुढे कधी नागरिकत्व हवं असेल तर साधारण तीच लागते. मला त्याची घाई नाही, मला बेकरीत नीट बोलता यायला हवंय. नामाच्या लिंगाप्रमाणे लागणाऱ्या एन आणि एट चं काय चाललंय विचाराल तर पाठांतर, दुसरं काय, मराठीत तीन लिंगं सांभाळणाऱ्यांनी दोन लिंगांसाठी रडू नये.

तर या वेळचा विषय म्हणजे आपल्याला किती येतं हे समोरच्याला कसं सांगायचं. क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात ‘याय टॅला लिट डॅन्स्क’, मी थोडं डॅनिश बोलते. वाक्य बरोबर आहे, पण बाहेर ते वापरलं की दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर समोरचा अर्ध्या सेकंदात इंग्लिशवर जातो, आणि तेही इतकं छान इंग्लिश की आपलीच भाषा आखडते. नाहीतर उच्चार जरा बरा जमलेला असेल तर तो म्हणतो ‘दू एर दा डुग्टी’, म्हणजे अरे वा हुशार आहेस, आणि मग फुल स्पीडने सुटतो. दोन्हीकडे आपण गप्प.

मला वाटतं दोष ‘लिट’ मध्ये आहे. थोडं म्हणजे किती, कुठलं थोडं, ते त्याला कळतच नाही. इतर भाषांत लोक म्हणतात ना, समजतं सगळं पण बोलता येत नाही, डॅनिशमध्ये माझं बरोबर उलटं आहे आणि क्लासमधल्या पोलिश, ब्राझिलियन सगळ्यांचं तेच. वाचायला येतं, डीआर म्हणजे इथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘लीगेटिल’ मधल्या सोप्या बातम्या मी चहा पिता पिता वाचते. बोलायलाही तयार केलेली वाक्यं येतात. पण उत्तर आलं की ते ऐकू येत नाही, म्हणजे शब्द ओळखीचे असतात पण कानाला लागत नाहीत, कारण मधला डी मऊ होऊन जिभेखाली विरघळतो, जी गायब, शब्दाच्या शेवटचा आर नुसता स्वर होऊन बसतो, आणि वर तो स्टोड, घशातला छोटासा अडथळा, ज्याच्यावर हून म्हणजे ती आणि हून्ड म्हणजे कुत्रा हा फरक ठरतो (डी लिहायचा, बोलायचा नाही). ओडेन्सच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलंय की डॅनिश बाळांचा शब्दसंग्रह सुरुवातीला इतर भाषांतल्या बाळांपेक्षा हळू वाढतो, ते वाचून मला फार बरं वाटलं, कुणाची बाळं मागे पडली म्हणून असं बरं वाटू नये खरं तर.

आमच्या गावाचंच बघा. पुण्याहून फोन आला की सगळे आरहुस म्हणतात, इथे ते ओऽहूस. १९४८ च्या शुद्धलेखन सुधारणेत दोन ए जाऊन डोक्यावर गोल असलेलं अक्षर आलं, मग २०११ मध्ये नगरपालिकेने गावापुरते परत दोन ए आणले. कागदावर बदललं, तोंडात काहीच नाही.

तर आता मी ‘लिट’ सोडून दिलंय. त्याऐवजी आधी ‘याय एर वे ऑ लेआ डॅन्स्क’, मी शिकतेय, आणि लगेच त्याला जोडून मागणी, ‘कॅन वी ता दे पो डॅन्स्क?’ डॅनिशमध्येच बोलूया का. मग एक वाक्य की मला वाचता येतं पण लोक बोलले की कळत नाही, तेव्हा हळू बोला. ही मागणी खरंच महत्त्वाची आहे, कारण लोक इंग्लिशवर जातात ते आपल्याला त्रास नको म्हणून, त्यांना स्पष्ट सांगितलं की बहुतेक जण आनंदाने थांबतात. शनिवारी सकाळी मागे रांग असेल तर मात्र करू नका, बुधवारी तर अजिबात नाही, तेव्हा बऱ्याच बेकऱ्यांत ऑन्सडास्नायल म्हणजे बुधवारची दालचिनी रोल स्वस्त असते आणि लोक गंभीर असतात.

सगळ्यात चांगले पार्टनर म्हणजे म्हाताऱ्या बायका आणि बालवाडीतली पोरं. २०१४ च्या शालेय सुधारणेपासून इंग्लिश पहिलीपासूनच सुरू होतं, त्यामुळे त्याच्या आतली पोरं पळून जायला इंग्लिशचा दरवाजाच नसतो, तीच गोष्ट चार वेळा सांगतात. लायब्ररीतल्या भाषा-कॅफेमधल्या आज्यांना वेळ भरपूर. फक्त सत्तरीच्या बाईला ‘दू’ म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, मनात सारखं अहो येतं, पण इथे सगळे सगळ्यांना दू, आदरार्थी ‘डी’ वापरली तर राजाला पत्र लिहिताय असं वाटतं.

एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत आणि हे मी क्लासमध्ये मिरवते. आकडे. पन्नास म्हणजे हाल्ट्रेस, त्याचा मूळ हिशोब अडीच विसा, म्हणजे अडीच वेळा वीस. सत्तर साडेतीन विसा, नव्वद साडेचार विसा. बाकीचे डोकं धरून बसतात, आपल्याकडे अडीच आहे, जुन्या लोकांचं विसांनी मोजणं आहे, आणि त्र्याहत्तरमध्ये तीन आधी येतो तसा त्यांच्यातही आधीच येतो. घड्याळातही हाल्व त्रे (शब्दशः ‘अर्धा तीन’) म्हणजे अडीच, ब्रिटिश सवयीने साडेतीन धरणारे अर्धा तास... नाही, तासभर उशिरा पोचतात. तरी फोन नंबर मला जमत नाहीत, आठ आकडे, दोन-दोनच्या जोड्या करून सांगतात, तिसरी जोडी लिहीपर्यंत चौथी गेलेली असते. लोपमार्केडला म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात विक्रेत्याने मोबाइलपेचा, म्हणजे फोनवरून पैसे द्यायच्या ॲपचा, नंबर तोंडी सांगितला की मी सरळ फोन त्याच्या हातात देते.

पुढचं टार्गेट दंतवैद्याची अपॉइंटमेंट फोनवर डॅनिशमध्ये घेणं. चेहरा दिसत नाही, हातवारे नाहीत, आणि पलीकडून तारीख, वेळ, नंबर सगळं एका दमात येणार. वाक्यं लिहून ठेवलीत. तुमच्यापैकी कुणी केलंय का हे, आणि रिसेप्शनवाली इंग्लिशवर गेल्यावर तिला परत कसं आणलंत? आणि दुसऱ्या मॉड्यूलच्या टेस्टमध्ये ऐकण्याचा भाग कितपत अवघड असतो तेही सांगा, मला त्याचीच धाकधूक आहे.