हिरव्या पानांचे परजीवी

परजीवी म्हटले की अमरवेल आधी आठवते. तिच्या पिवळसर तंतूंना हिरवी पाने नसतात, आणि यजमान वनस्पतीच्या खोडात शोषकमुळे एकदा रुतली की जमिनीतले तिचे मूळही वाळून जाते. तिचा कोवळा अंकुर टोमॅटोच्या रोपाच्या गंधाकडे वळतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. इतक्या उघडपणे दुसऱ्यावर जगणाऱ्याला ओळखायला फारशी बुद्धी लागत नाही.

बांडगुळाचे तसे नाही. त्याला स्वतःची हिरवी पाने असतात, ते बरेचसे अन्न स्वतःच तयार करते आणि झाडाकडून मुख्यतः पाणी व क्षार घेते. पाण्याची टंचाई झाली की झाड पानांवरची रंध्रे मिटून काटकसर करू लागते. अनेक बांडगुळे मात्र तेव्हाही हवेत पाणी उधळत राहतात. माणसांमधले परजीवी मला बहुधा या जातीचे वाटतात. लहान मूल, आजारी किंवा थकलेले माणूस परजीवी नसते. ते अवलंबून असते, एवढेच. याउलट कमावता, कर्तबगार, चारचौघांत टवटवीत दिसणारा एखादा गृहस्थ घरातल्या कोणा एकाचा वेळ, झोप आणि धीर वर्षानुवर्षे शोषत असतो, आणि ते माणूस खंगू लागले तरी याच्या मागण्या कमी होत नाहीत.

त्याच्याविषयी कोणी तक्रार का करत नाही, हेही बांडगुळावरून थोडे उमगते. ऑस्ट्रेलियातल्या काही वनांतून बांडगुळे मुद्दाम काढून टाकली, तेव्हा तीन वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या जाती घटल्या, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. बांडगुळाची फुले, फळे आणि गळलेली पाने यांवर कितीतरी जीव पोसले जातात. ज्या फांदीवर ते बसते, तिचा पुढचा भाग मात्र अनेकदा वाळतो. म्हणजे बांडगूळ जंगलाच्या उपयोगाचे आहे, आणि त्याची किंमत ती एक फांदी मोजते आहे. कुटुंबातही तोटा एकाच्या वाट्याला आणि लाभ बाकी सर्वांच्या, अशी वाटणी झाली की त्या कर्तबगार गृहस्थाविरुद्ध बोलायला कोणी धजत नाही. जिचे सत्त्व चालले आहे तिनेच थोडे समजून घ्यावे, असा सल्ला तेवढा सगळे देतात, आणि तोही अगदी आपुलकीने.