तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना कोणता जुना साहसपट दाखवावा?

मुलांना दाखवण्यासारखा एखादा जुना इंग्रजी साहसपट सांगा, असं ओळखीचे आईबाप मला नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : ‘ह्यू अँड क्राय’, १९४७. त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला. ब्लॅक अँड व्हाइट? मुलं बसतील का?

बसतात. कारण गोष्टच तशी आहे. लंडनमधला जो किर्बी नावाचा पोरगा मुलांच्या साप्ताहिकातली रहस्यकथा वाचतो आणि गोष्टीतल्या लॉरीचा नंबर त्याला रस्त्यावरच्या खऱ्या लॉरीवर दिसतो. चोरांची टोळी त्या कथेतून एकमेकांना निरोप धाडते आहे, हे त्याच्या ध्यानात येतं. इन्स्पेक्टर त्याला समजावतो, डोक्यातली खुळं काढ आणि कामाला लाग. कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारात त्याला नोकरीही लावून देतो. मग जो आणि त्याचे मित्र स्वतःच तपासाला लागतात.

पण मला हा सिनेमा जिवापाड आवडतो तो त्यातल्या लंडनमुळे. १९४० च्या सप्टेंबरपासून पुढच्या मेपर्यंत जर्मन विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले. युद्ध संपल्यावर दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन कॅमेरा घेऊन थेट त्या पडझडीत गेला. छपरं उडालेली घरं, अधांतरी जिने, विटांचे ढिगारे, सगळं खरं आहे. मोठ्यांना ती जागा बघवत नसेल. पोरांना मात्र ते हक्काचं मैदान वाटतं. सिनेमा त्यावर एक शब्दही बोलत नाही, भाषण नाही की उसासा नाही. नुसता एक मुलगा ढिगाऱ्यात बसून तोंडाने आवाज काढत असतो : विमान सूर मारतं, बॉम्ब शिटी वाजवत खाली येतो, मशीनगन तडतडते. त्याच्यासाठी तो खेळ आहे. ते आवाज त्याने कुठे ऐकले असतील, हे आपल्याला कळतं आणि पोटात कालवतं. युद्धावरच्या कितीतरी मोठ्या सिनेमांपेक्षा मला हा मुलगा जास्त काही सांगून गेला.

रहस्यकथेच्या लेखकाला गाठायला पोरं गोल गोल जिना चढत जातात, तो प्रसंगही पाहाच. रक्तपाताच्या गोष्टी लिहिणारा हा गृहस्थ प्रत्यक्षात कमालीचा भित्रा निघतो. ॲलिस्टर सिमने तो असा रंगवलाय, की मुलं आधी घाबरतात आणि मग खो खो हसतात.

जोच्या मित्रांत मुलगी मात्र एकच, क्लॅरी. जोन डाउलिंगने तिला चांगलं खमकं केलंय, तरी एकच हे मला खटकतंच. हा सिनेमा काढणाऱ्या लंडनच्या ईलिंग स्टुडिओच्या गाजलेल्या विनोदी चित्रपटांची मालिका इथून सुरू झाली असं मानतात. पण मुलांना त्याचं काय! त्यांना हवी असते शेवटची धावपळ. निरोप जातो आणि लंडनभरची पोरं हातातली कामं टाकून शेकड्यांनी पडक्या इमारतींकडे धावत सुटतात. या ठिकाणी माझ्यासमोर बसलेली मुलं हमखास उभी राहतात.

दाखवताना एवढंच करा. लंडनी बोली मुलांच्या कानाला जड जाईल, तेव्हा सबटायटल लावा आणि फार लहान असतील तर सुरुवातीची गोष्ट मराठीत आधीच सांगून ठेवा. चोरांच्या टोळीचा म्होरक्या कोण, ते मात्र काही केल्या सांगू नका.