१३ वजा ९, अख्खा तास

मागच्या ऑक्टोबरमध्ये आई आमच्याकडे टोकियोला राहायला आली होती आणि ती आली त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेत जुग्यो सानकान होतं, म्हणजे पालकांनी वर्गात मागे उभं राहून चालू तास बघायचा. आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून रिटायर झालीये, तिला सोडून जाणं शक्यच नव्हतं. इथल्या बऱ्याच भारतीय घरांतली मुलं इंडियन स्कूलमध्ये जातात, आम्ही मात्र लेकीला घराजवळच्या सरकारी शाळेत घातलं, आणि ते बरोबर केलं का हा प्रश्न आईने अजून सोडला नव्हता. म्हणून ती वही-पेन घेऊनच आली.

पहिलीचा वर्ग, गणिताचा तास. फळ्यावर बाईंनी एकच गणित लिहिलं. झाडाला १३ फळं होती, ९ तोडली, किती उरली? तास ४५ मिनिटांचा, आणि पूर्ण वेळ हे एकच गणित!

आधी मुलांनी आपापल्या वहीत करायचं, हवं तर ठोकळे मांडून. बाई बाकांमधून फिरत होत्या पण कोणाला काही सांगत नव्हत्या, नुसतं कोण काय करतंय ते कागदावर टिपत होत्या. मग त्यांनी एका मुलाला बोलावलं, त्याचं उत्तर आलेलं १६. मला वाटलं आता चूक दाखवून पुसणार. पण त्यांनी १६ मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, तू कसा विचार केलास? तो म्हणाला, ३ मधून ९ जात नाहीत म्हणून मी ९ मधून ३ काढले, ६ आले, आणि दहा होतेच. वर्ग शांत. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, पण फळं तोडल्यावर झाडावर जास्त कशी होतील? आणि तो मुलगा स्वतःच, "अरे हो!"

मग दोन रीती पुढे आल्या. एकीने १३ चे १० आणि ३ केले, १० मधून ९ काढले, उरला १, त्यात बाजूचे ३ मिळवले, ४. दुसऱ्याने आधी ३ काढून १० वर आणलं आणि मग उरलेले ६ काढले, तरी ४. बाईंनी दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या आणि विचारलं की ९ च्या जागी ४ असते तर कोणती रीत सोपी पडली असती. त्यावर दहा मिनिटं चर्चा, सहा-सात वर्षांच्या पोरांची! तास संपला तेव्हा फळ्यावर सगळं होतं, १६ सुद्धा. इथे तासाचा फळा मध्ये पुसत नाहीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा विचार मुलांना एका नजरेत दिसला पाहिजे म्हणून तो आधी कागदावर आखून आणतात.

घरी येताना आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, त्यांनी १६ पुसलं नाही."

मी स्वतः हे कसं शिकले ते मला पक्कं आठवतंय. तीनातून नऊ जात नाहीत, शेजारून दशक उसना घ्या, तीनाचे झाले तेरा. पाठ. बरोबर यायचं, पण उसना घेतलेला तो एक म्हणजे दहा आहे हे मला कळलं चौथीत, तेही आपोआप. आईला म्हटलं तुम्ही असं का नाही शिकवलं, तर ती चिडली नाही, म्हणाली माझी शाळा द्विशिक्षकी होती, पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे, ते मीटिंगला गेले की चारही वर्ग एकटीकडे. पहिलीला गणित देऊन मी दुसरीकडे वळायचे, त्या पोराने १६ का लिहिलं हे विचारायला मी तिथे असायचे कुठे? म्हणून जपान भारी आणि आपलं वाईट असं सरसकट बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे, पण तीस मुलं एका इयत्तेची की चार इयत्तांची हे त्या आकड्यात दिसत नाही ना.

माझ्या मते खरा फरक बाईंच्या मागे काय उभं आहे यात आहे. इथे जुग्यो केनक्यू म्हणून प्रकार आहे, शंभराहून जास्त वर्षांपासून चालत आलेला. शिक्षक मिळून एक तास बारकाईने आखतात, मुलं कुठे चुकतील, काय उत्तरं देतील हे सगळं आधी लिहून काढतात, मग एकजण तो तास घेतो आणि बाकीचे वर्गात बसून मुलांकडे बघतात, शिक्षकाकडे नाही, मुलांकडे. नंतर त्यावर बसून बोलायचं. म्हणजे १६ हे उत्तर येणार हे बाईंना आधीच माहीत असणार! आपल्याकडे महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असते, मूळ हेतू तोच, पण आईच्या अनुभवात निम्मा वेळ परिपत्रकं आणि माहितीचे तक्ते भरण्यात जायचा, आणि इलेक्शन ड्युटी, जनगणना वेगळीच. तरी त्याच साताऱ्यात कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलं स्वतः करून, विचार करून शिकतील असे, वर्ग बदलून दाखवले, राज्यभरातून शिक्षक बघायला जायचे. आपल्याकडे जमत नाही हे मी ऐकूनच घेत नाही.

अजून एक, संख्यांची नावं. जपानीत तेरा म्हणजे जू-सान, दहा-तीन, त्यामुळे १३ चे १० आणि ३ करणं बोलण्यातच आहे. आपल्या पोरांना पस्तीस ऐकून आधी पाच ऐकू येतो आणि ती ५३ लिहितात, एकोणसाठचं ६९ करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेलं, पुस्तकाच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, ही जोड आहे. आई तेव्हाही त्यांच्या बाजूने होती, कारण तिने ती ५३ वाली पोरं वर्षानुवर्षं बघितली होती.

आता इथलं न पटणारंही लिहिते. दुसरीत कुकू म्हणजे त्यांचे पाढे, ९ पर्यंतच, पण पाठ करतात ते आपल्यासारखेच तालात, 'निनिन गा शी', आपलं बे दुणे चार. त्यासाठी मी आईसकट खूश आहे, पाठांतराला नाक मुरडणाऱ्यांनी हे ऐकावं. पण गुणाकारात एका ताटलीत किती हे आधी आणि ताटल्या किती हे नंतर लिहायचं असा आग्रह असतो. शेजारच्या मुलाने तीन ताटल्यांत पाच-पाच लाडवांसाठी ५×३ ऐवजी ३×५ लिहिलं, उत्तर १५ बरोबर, तरी ते समीकरण चूक धरलं. ज्या वर्गात १६ ला एवढा मान मिळतो तिथे ३×५ ला का नाही? यावर जपानमध्येच वर्षानुवर्षं वाद चालू आहे. आणि सगळ्यांनी सारखं वागायचं हे ओझं काही मुलांना झेपत नाही, २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि मिडल स्कूल मिळून ३ लाखांहून जास्त मुलं वर्षात ३० किंवा जास्त दिवस शाळेत गेली नाहीत. शिक्षकही दमलेले, तालिस २०१८ या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात त्यांचे कामाचे तास सहभागी देशांत सगळ्यात जास्त निघाले, मी संध्याकाळी सातला शाळेवरून जाते तेव्हाही स्टाफरूमचे दिवे चालूच दिसतात.

मुलं स्वतः वर्ग झाडतात, जेवण वाढतात, यावर लोकांनी खूप लिहिलंय, ते खरं आहे आणि छान आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

जाताना आईने त्या दिवशीच्या वहीची पानं माझ्याकडून स्कॅन करून घेतली, आणि फळ्यावरचं सगळं तिने जसंच्या तसं काढलं होतं. ते तिने तिच्या जुन्या शाळेतल्या नव्या बाईंना दिलं. त्यांचा परवा फोटो आला. ठोकळ्यांच्या जागी चिंचोके, फळ्यावर चार रीती, एका कोपऱ्यात १६, न पुसलेलं. पहिली-दुसरी मिळून १९ मुलं आहेत, अर्धाच तास जमला म्हणाल्या, तेवढा वेळ दुसरीला चित्रं काढायला व्हरांड्यात बसवलं होतं. दुसरीतली दोघं मात्र दारातून आत डोकावून उत्तरं सांगत होती. आईने त्यांना लगेच फोन लावला, पाऊण तास बोलत होत्या, विषय एकच, पुढच्या वेळी दुसरीला बाहेर न पाठवता त्यांनाही १३ वजा ९ मध्येच कसं बसवायचं.